हातातलं ठेव

रेंजवर गेल्यावर बंदूक कशी उडवायची ते कुणी शिकवत नाही. आधी थांबवायची कशी ते शिकवतात. क्लबचा कॅप्टन कीथ म्हणून एक लालबुंद गालांचा म्हातारा आहे. त्यानं आम्हा बघ्यांना पांढऱ्या दोरीमागं उभं केलं आणि सांगितलं, काही वावगं दिसलं तर कुणीही 'स्टॉप' म्हणून ओरडायचं. चहा करणाऱ्या बाईनंसुद्धा. ओरडलं की सगळ्यांनी थांबायचं, आणि ओरडणाऱ्याचं चुकलं तरी त्याला कुणी बोलायचं नाही.

राजश्रीनं, माझ्या सुनेनं, ते मला मराठीत समजावलं.

"एवढं इंग्रजी मला येतं ग," मी म्हटलं. "बसमधल्या लाल बटणावर असतं ते."

"तेवढंच येतं म्हणून मला काळजी वाटते," धम्मदीप म्हणाला.

धम्मदीप माझा मुलगा. इंग्लंडात ब्रॅकनेलला कंप्युटरच्या कंपनीत आहे, हाताखाली गोरी माणसं आहेत. घरात मात्र माझ्या हाताखाली आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. त्याला नाद आहे जुन्या लष्करी रायफलींचा. त्याच्याकडे थ्री-नॉट-थ्री आहे, लाकडी दस्त्याची, लढाईतली. माझे वडील महार पलटणीत होते, त्यांच्या खांद्यावर असलीच होती. ती ही नव्हे, पण जात तीच. त्यानं ती पहिल्यांदा घरी आणली तेव्हा मी दस्त्यावर हात फिरवला आणि काही बोलले नाही. राजश्री म्हणाली, आई बोलल्या नाहीत म्हणजे अप्रूव्ह झाली.

क्लबात तो सहा वर्षं आहे. माणसं गोड बोलतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात, पण टीममध्ये कुणी घेत नव्हतं. यंदा घेतला. जुन्या रायफलींची मॅच, समोर दुसऱ्या गावचा क्लब. म्हणून आम्ही सासू-सुना थर्मास भरून रेंजवर. मी पहिल्यांदाच. वारा असा की लाल बावटा काठीला चिकटत नव्हता आणि माझा पदर डोक्याला.

आणि पहिल्याच फेरीत मी घोळ घातला.

मुलं सगळी चटयांवर पालथी झोपलेली. मुलं म्हणजे पन्नाशीचे बाप्ये. कीथनं हुकूम दिला, बार सुरू झाले. धम्मदीपच्या गालाजवळून निळा-पांढरा धूर निघाला. दुसऱ्या बाराला आणखी. त्याचं डोकं मला दिसेना. मी उठून ओरडले, "स्टॉप!"

सगळं थांबलं. कीथ धावत आला. धम्मदीपनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि त्याचे कान लाल झाले.

धूर मेणाचा होता. माझ्याच हातच्या मेणाचा.

हे सांगायला पाहिजे. या जुन्या रायफलीच्या गोळ्या धम्मदीप विकत आणत नाही, गॅरेजमध्ये करतो. जुन्या छपरांवरचं शिसं आणून वितळवतो, त्यात थोडं कथील घालतो, वर येणारी मळी पळीनं काढतो, आणि साच्यात ओततो. दार सताड उघडं, हातमोजे, वेगळे कपडे, नंतर हात कोपरापर्यंत धुणं. त्या बाबतीत तो बापावर गेलाय. आमचे हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. घरी आले की आधी मोरीत, मग पोरांजवळ. गोळ्या गार झाल्या की निवडायचं काम माझं. सुरकुतलेली गोळी दिसली की परत भांड्यात. या घरात सुरकुत्या फक्त मलाच शोभतात. मग नळीतून सुळकन जाव्यात म्हणून त्यांच्या अंगावरच्या खाचांतून मेण भरायचं, तेही माझं. दारूला मात्र मी हात लावायचा नाही. ते लायसनवाल्याचं काम. पितळी पुंगळीत दारू ओतायची, वर गोळी दाबून बसवायची, ते तो एकटा करतो. शिशाच्या गोळीला दारू बेतानंच लागते म्हणे. पुंगळी निम्म्याहून रिकामीच राहते.

तर मेण मी जरा सढळ हातानं भरलं होतं. त्याचा तो धूर.

कीथ हसला, म्हणाला, "क्वाइट राइट, मिसेस ओव्हल." आम्ही ओव्हाळ. त्यानं आमचं क्रिकेटचं मैदान केलंय. समोरच्या क्लबातले मात्र एकमेकांकडं बघून हसले, आणि ते हसू मला ओळखता येतं, त्याला इंग्रजी लागत नाही.

फेरी संपल्यावर धम्मदीप दोरीपाशी आला. कानांवरचे आवाज अडवणारे डबे गळ्यात ओढले.

"आई, प्लीज. सहा वर्षांनी घेतलंय मला."

"धूर दिसला म्हणून ओरडले. कीथनंच सांगितलं ना, रागवायचं नाही?"

"तो रूल आहे. मी तुझा मुलगा आहे, मी रागावणार." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता रॅपिड आहे. एका मिनिटात जेवढे बार होतील तेवढे. त्यात कुणी थांबवलं ना, सगळी टीम बसली. परत ओरडलीस तर मी ही रायफल विकून टाकीन. खरंच सांगतो."

"विक. मला काय पेन्शन येते तिची?"

"आई, तुम्ही बसा बरं," राजश्री म्हणाली. तो गेला. मला बोलायची संधी न देता गेला, हे मला जास्त लागलं.

मधल्या वेळात कीथ आमच्याकडं चहाला आला. माझ्या आल्याच्या चहाचा वास त्याला लांबून लागला असणार. त्यानं कप डाव्या हातात घेतला आणि तेव्हा मला दिसलं, त्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. मी बघितलं ते त्यानं बघितलं. काही लपवलं नाही. हात पुढं करून दाखवला आणि सांगायला लागला. राजश्री मराठी करत गेली.

"म्हणतात, ती बोटं अशाच रायफलनं गेली. त्यांच्याच."

"कशी?"

"एका काडतुसात दारूच नव्हती. घरी भरताना राहून गेली. मग बार नीट होत नाही, नुसतं फुस्स. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यात जोर असतो तेवढ्यानं गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. बाहेर पडतच नाही. रॅपिड होतं, शेजारी सगळे फायर करत होते, त्यांना कळलंच नाही. पुढचा बार त्याच्यावरच मारला." राजश्री थांबली. "नळी फुटली. डोळा थोडक्यात वाचला म्हणतात."

थर्मासचं झाकण माझ्या हातात होतं. "विचार त्याला, दारू राहून कशी जाते? एवढा शहाणा माणूस."

कीथनं खांदे उडवले.

"म्हणतात, ईझी आहे. रांगेनं पुंगळ्यांत ओतत जातो आपण. मध्येच फोन वाजतो. उठतो. परत येतो तेव्हा वाटतं, इथपर्यंत झालं होतं."

कीथनं कप ठेवला, माझ्या चहाला 'लव्हली' म्हणाला आणि रेषेकडं निघून गेला.

आमच्या गॅरेजमध्ये फोन वाजत नाही. धम्मदीप तो आत नेतच नाही. दारूजवळ फोन नको, हा त्याचाच नियम. पण आमच्या घरात फोनपेक्षा मोठा आवाज आहे. माझा.

रविवारी संध्याकाळी आमच्याकडं वंदना होते. मी मेणबत्ती लावते आणि हाक मारते, "हातातलं ठेव!" मग कुणाच्या हातात काय आहे हे बघितलं जात नाही. पोळी तव्यावर असली तर गॅस बंद, मीटिंग चालू असली तर लॅपटॉप बंद. खडकीच्या दोन खोल्यांतही हेच होतं. आमचे हे निम्मी दाढी करून फेसासकट येऊन बसायचे. बुद्धापुढं आणि बाबासाहेबांपुढं बसायला ज्याला वेळ नाही, त्याच्या बाकी कामांना मी काम म्हणत नाही.

गेल्या रविवारी धम्मदीप गॅरेजमध्ये होता. लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत पुंगळ्या उभ्या, आणि तो एकेकीत दारू ओतत चाललेला. निम्मी रांग झाली असेल.

"आई, एवढी रांग होऊ दे."

"हातातलं ठेव."

"दोनच मिनिटं ग."

"तुझी रांग बुद्धापेक्षा मोठी का? ठेव म्हटलं ना."

त्यानं ठेवलं. त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं, आणि उठून परत गॅरेजमध्ये गेला.

"राजश्री," मी म्हटलं, "रविवारी तो मध्येच उठला होता."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं माझा हात धरला, पण धीर द्यायला. "आई, डोन्ट वरी. तो गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघतो. ऑब्सेस्ड आहे त्या बाबतीत. मी किती वेळा चिडवते."

"बघतो ना?"

"प्रत्येक. अगदी प्रत्येक."

मी श्वास सोडला. पलीकडं कीथ रांगेमागून चालत होता, एकेकाच्या पायाशी थांबत होता. धम्मदीप चटईवर पालथा झाला. त्यानं डबे कानांवर ओढले. ते डबे बाराचा आवाज मारतात पण माणसाचं बोलणं आत सोडतात, मुद्दाम तसे घेतलेत त्यानं. बूट आडवे टेकवले. लहानपणी अभ्यास करताना असाच पालथा पडायचा.

कीथनं शिट्टी वाजवली. बार सुरू झाले. सहा रायफली एकदम. छातीत कुणी उखळ कांडतंय असं वाटत होतं.

आणि तेव्हा मला टॉर्च दिसला.

समोर नाही. घरी. बुद्धमूर्तीच्या उजव्या हाताला, उदबत्तीच्या घराशेजारी आडवा पडलेला. आज सकाळी वाळकी फुलं उचलताना मी तो बघितला होता आणि म्हटलं होतं, ही काय ठेवायची जागा आहे? ठेवलेला मीच होता. रविवारी जिन्याखालच्या कपाटात काडेपेटी सापडेना, अंधार, म्हणून गॅरेजमध्ये जाऊन, तो ओतण्यात गुंग असताना, त्याच्या टेबलावरचा टॉर्च उचलला. मेणबत्ती लावली. टॉर्च तिथंच राहिला. रविवारपासून तिथंच आहे.

"राजश्री! तो फोनच्या उजेडानं बघतो का?"

"काय?"

"पुंगळ्यांत! टॉर्च नसला तर!"

"फोन आत अलाउडच नाही ना, आई, तुम्हाला माहितीये. टॉर्च असतोच तिथं, टेबलावर."

"तो देव्हाऱ्यापाशी आहे. मी नेला होता."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो बार मारत होता, नळीमागचा बोल्ट ओढत होता, पितळी पुंगळी उडत होती, परत बार. हात यंत्रासारखा चालला होता. किती सुंदर चालला होता. शेजारच्यापेक्षा जलद.

"थांबवायचं?" ती म्हणाली. "आई, पण सगळे ठीकच असतील. एखादं राहिलं असेलच असं नाही ना. आणि परत जर आपण..."

परत जर आपण. तेच माझ्याही घशाशी आलं होतं. समोरच्या क्लबाचं ते हसू मला दिसत होतं. सहा वर्षं चहाचे कप उचलून, हवेच्या गप्पा मारून त्यानं मिळवलेली ती चटई दिसत होती. ओरडले आणि काही निघालं नाही, तर तो मला काही म्हणणार नाही. रायफल विकेल, क्लब सोडेल, आणि मला कधीच काही म्हणणार नाही. मला बोलणारा मुलगा चालतो. गप्प झालेला चालणार नाही.

मी दोरी धरून उभी राहिले. दुसरीकडं कुठंच बघितलं नाही. धूर बघायचा नाही, आवाज ऐकायचा नाही. एवढ्या गोंगाटात आवाज कुणाला कळतो? मी त्याच्या उजव्या खांद्याकडं बघत राहिले. बार झाला की रायफल खांद्याला धक्का देत होती आणि जॅकेटवर सुरकुती पडत होती. बार, धक्का, सुरकुती. बोल्ट. बार, धक्का, सुरकुती. बोल्ट. मला वाटलं, संपत आलं असेल मिनिट. बार, धक्का.

मग धक्का आला नाही.

शेजारच्या दोघांचे बार त्याच क्षणाला झाले, त्यात त्याचं काय वाजलं असेल ते बुडालं. पण त्याचं बोट दाबलं गेलं होतं आणि खांदा हलला नव्हता. जॅकेट सपाट राहिलं. त्याला वाटलं असेल बार झाला. किंवा काहीच वाटलं नसेल, हात चालू होता. बोल्ट मागं. पुंगळी उडाली. बोल्ट पुढं.

'स्टॉप' म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि तो शब्द तिथं नव्हता. जो होता तो बाहेर पडला.

"धम्मा! हातातलं ठेव!"

माझा आवाज खडकीत तीन गल्ल्या ऐकू जायचा. त्यानं रायफल खाली ठेवली.

विचार करून नाही ठेवली. त्याला विचार करायला वेळच नव्हता. पन्नाशीला आलेला माणूस, बोट चापावर, आणि हात उघडून त्यानं ती चटईवर ठेवली, पोळी टाकून उठावं तशी. मग गुडघ्यांवर आला आणि माझ्याकडं वळला.

तोवर राजश्री "स्टॉप, स्टॉप" करून किंचाळत होती, कीथची शिट्टी वाजत होती, एकेक करून बार थांबले. वारा तेवढा राहिला.

"आई," धम्मदीप म्हणाला. एवढंच. त्याच्या तोंडावर जो राग होता तसा मी त्याच्या बापाच्या तोंडावरही कधी बघितला नव्हता.

"सांग त्याला," मी राजश्रीला म्हटलं, "कीथला सांग. धक्का आला नाही म्हणावं. खांदा हलला नाही."

तिनं सांगितलं. रडत सांगितलं, पण नीट सांगितलं. कीथच्या लाल गालांचा रंग उतरला. त्यानं धम्मदीपला हातानं बाजूला केलं, रायफलीशी गुडघे टेकले, बोल्ट उघडून आतलं काडतूस बाहेर काढलं. मग नळी साफ करायची लांब सळई मागून घेतली आणि नळीच्या तोंडाकडून आत सारली.

सळई आत गेली. जात राहिली. समोरच्या क्लबातला एकजण पुढं येऊन मान लांब करून बघत होता. मला वाटलं, आता ती पलीकडून निघणार, आणि मग मी काय करू?

सळई थांबली.

कीथनं नळीच्या तोंडाशी सळईवर अंगठ्याचं नख धरलं, ती बाहेर काढली आणि तेवढीच नळीवरून आडवी ठेवून दाखवली. बोल्टपासून वीतभर जागा उरत होती. तिथं माझी गोळी अडकलेली होती. मीच निवडलेली, सुरकुती नसलेली, मेण भरलेली.

कीथ उठला, आणि त्यानं तो तुटक्या बोटांचा हात माझ्याकडं बघून वर केला.

धम्मदीप त्या सळईकडं बघत होता. मग बाजूला जाऊन गवतावर बसला आणि पाण्याची बाटली उघडायला लागला. झाकण उघडेना. राजश्रीनं जाऊन उघडून दिली.

मॅच आम्ही हरलो. अर्थात हरलो. कारमध्ये निम्म्या रस्त्यात तो म्हणाला, "टॉर्च शोधला होता मी. मिळाला नाही."

"माझ्याकडं होता. काडेपेटी शोधायला नेला होता मी."

"मला विचारता नाही आलं तुला?"

"तुला हाक मारून विचारता नाही आलं?"

"आई, मी न बघता गोळ्या बसवल्या. इतकी वर्षं चुकलो नाही, म्हटलं आज काय चुकणार. तुझा काही संबंध नाही."

"माझा कसा नाही? तुला रांगेतून उठवला कुणी?"

तो एकदम हसला, पण ते हसू मध्येच मोडलं. राजश्री गाडी चालवत होती, ती म्हणाली, "मी दोघांनाही इथं एम-थ्री हायवेवर उतरवू का? चालत या भांडत."

"ही बघ," मी म्हटलं, "हिला कंठ फुटला."

उरलेली सगळी काडतुसं त्यानं दुसऱ्या दिवशी एकेक करून मोडली. बाकीच्यांत दारू होती. एकच राहिलं होतं, आणि ते नळीत गेलं होतं. कीथच्या ओळखीच्या बंदूकवाल्यानं गोळी काढून दिली. ती मी मागून घेतली. चपटलेली, एका अंगाला काळी. माझ्या उशाच्या डबीत आहे. धम्मदीप म्हणतो, टाकून दे, शिसं आहे, हात धुवावे लागतील. धुते मी हात.

रायफल विकली नाही. पुढच्या महिन्यात परत टीममध्ये आहे. कीथनं स्वतः फोन केला.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी मी कपाटातून काडेपेटी काढली. माझ्या स्वतःच्या टॉर्चनं. पौंडाच्या दुकानातून आणलाय, त्याच्याला हात लावत नाही. मेणबत्ती ठेवली, पण पेटवली नाही. तशीच गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिले. ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या होत्या आणि तो ओणवा होऊन ओतत होता. त्यानं मला बघितलं. हात थांबला नाही, पण मान थोडी आक्रसली, हाक येणार म्हणून.

मी काही बोलले नाही. राजश्री मागून येऊन माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

"आई, बरं नाही का वाटत?"

"गप ग. रांग मोडेल त्याची."

रांग संपली. मग त्यानं त्याचा टॉर्च उचलला आणि एकेका पुंगळीत मारून बघत गेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मीही त्याच्या खांद्यावरून बघितलं. मला त्यातलं काय कळतं? दारू आहे की नाही एवढं कळतं. सगळ्यांत होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"मग हातातलं ठेव."